सोळा जानेवारी

आमच्या पनवेल-उरण भागात सोळा जानेवारी ही तारीख उच्चारली, की जुन्या माणसांना जासई आठवते. १९८४ सालच्या जानेवारीत, सोळा आणि सतरा या दोन दिवशी, नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींचा न्याय्य मोबदला मागायला रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच माणसे बळी पडली. त्या लढ्याचे पुढारी होते दि. बा. पाटील. मी कामोठ्यात राहतो. आज जेथे आमच्या इमारती ओळीने उभ्या आहेत, तेथे एके काळी भात पिकत होते, हे गावठाणातली म्हातारी माणसे अजून बोट दाखवून सांगतात. तेव्हा ती तारीख मला परकी नाही. तथापि तिच्याविषयी अधिकाराने सांगणारी माणसे या भागात पुष्कळ आहेत. मी शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मला लिहायचे आहे ते याच तारखेच्या दुसऱ्या दोन दिवसांविषयी.

इतिहासाचा पाठ घेता घेता ते माझ्या ध्यानात आले. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले, की मुंबई शहर महाराष्ट्राला मिळणार नाही, ते केंद्राच्या ताब्यात राहील. पुढे बरोबर अकरा वर्षांनी, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्याच्या मतदारांनी महाराष्ट्रात यायचे की नाही यावर मतदान केले. पहिल्या दिवशी मराठी माणसाला कोणी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी विचारले गेले, पण ते गोमंतकीयांना. आणि आलेले उत्तर आपल्याला रुचणारे नव्हते. पहिला दिवस आपण अभिमानाने आठवतो. दुसरा सहसा आठवत नाही. या दोहोंना शेजारी शेजारी बसवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पहिल्या दिवसाची हकीकत. डिसेंबर १९५३ मध्ये भारत सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. फाजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार के. एम. पणिक्कर हे सभासद. आंध्रासाठी पोट्टी श्रीरामुलूंनी प्राण दिल्यानंतर भाषावार राज्यांचा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिलाच नव्हता. सप्टेंबर १९५५ च्या अखेरीस आयोगाने अहवाल दिला. इतर बहुतेक भाषांना त्यांनी आपापले राज्य देऊ केले. आपल्या वाट्याला मात्र गुजरातीभाषक प्रदेशासह एक द्वैभाषिक राज्य आले, आणि विदर्भाचे राज्य वेगळे सुचवले गेले. त्यावर ओरड झाली, तेव्हा काँग्रेसश्रेष्ठींनी तीन राज्यांची तोड काढली: महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई शहर. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईत मराठी बोलणारे शेकडा चव्वेचाळीसच्या आसपास होते. ही नगरी सर्वांची आहे, तेव्हा ती कोणा एकाला का द्यावी, हा पलीकडच्या बाजूचा युक्तिवाद. तो केवळ भांडवलदारांचा कावा होता, असे म्हणून आपण तो झटकून टाकतो. पण त्या आकड्यात तथ्य होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपले उत्तर असे, की मुंबई हवेत उभी नाही. तिच्या चारी बाजूंना मराठी मुलूख आहे, तिच्या गिरण्यांत रत्नागिरी-साताऱ्याचा कामगार आहे, तिचे पाणी ठाणे जिल्ह्यातून येते. म्हणजे वाद खरोखर एका वेगळ्याच मुद्द्यावर येऊन ठेपत होता: मोजायचे कोणाला? केवळ शहराला, की शहर ज्या मुलखात आहे त्या मुलखाला?

हा प्रश्न मोठा होता, आणि तो लोकांसमोर ठेवण्याऐवजी त्याचा निकाल आकाशवाणीवरून सांगितला गेला. त्याआधी २१ नोव्हेंबर १९५५ रोजीच फ्लोरा फाउंटनपाशी रक्त सांडले होते. जानेवारीच्या घोषणेनंतर मुंबई पेटली. गोळीबारांत माणसे पडत गेली. संपूर्ण लढ्यात शंभराहून अधिक बळी गेले. त्यांचे स्मारक हुतात्मा चौकात आहे.

घटनेच्या दृष्टीने पाहिले तर सरकारने काही बेकायदा केले होते असे नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमान्वये राज्ये घडवणे, मोडणे, त्यांच्या सीमा हलवणे हा संसदेचा अधिकार आहे. राष्ट्रपतींनी विधेयक संबंधित विधिमंडळाकडे मतासाठी पाठवायचे असते. ते मत संसदेवर बंधनकारक नसते. ते ठरावीक मुदतीत आले पाहिजे, अशी दुरुस्तीही याच धामधुमीत, १९५५ च्या डिसेंबरात झाली. लोकांना थेट विचारण्याची तरतूद कोठेच नाही. अखंड भारत टिकवायचा तर प्रत्येक तुकड्याला 'आम्ही निघालो' म्हणण्याची मुभा देता येणार नाही, ही घटनाकारांची दृष्टी होती, आणि नुकतीच फाळणी सोसलेल्या देशात ती चूक म्हणता येत नाही. परंतु कायद्याने जे करता येते ते सगळे लोकशाहीला पुरेसे असतेच असे नाही.

ही गोष्ट सर्वांत स्वच्छ शब्दांत मांडली ती आमच्याच जिल्ह्याच्या प्रतिनिधीने. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री, आणि १९५२ पासून कुलाबा जिल्ह्याचे लोकसभेतील सभासद. आजच्या रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. जून १९५६ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात नेहरूंनी, शहर पाच वर्षे केंद्रशासित राहील, असे जाहीर केले. जुलैमध्ये देशमुखांनी राजीनामा दिला. त्यांचा स्वभाव मोर्चाचा नव्हता, आकडेमोडीचा होता. म्हणून त्यांची तक्रार आजही वाचण्यासारखी आहे. निर्णय कोणता झाला याइतकाच तो कसा झाला, हा त्यांचा आक्षेप होता. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चेला न येता जाहीर होतो, आणि गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी ऐकली जात नाही, हे त्यांना मानवले नाही. धोरण जाहीर करण्याचा पंतप्रधानाला अधिकार आहे, असे नेहरूंचे उत्तर होते. दोघेही लोकशाहीवादी, दोघेही सुसंस्कृत. पण एकाच्या मते निवडून आलेल्या नेत्यावर विश्वास टाकणे ही लोकशाही होती, आणि दुसऱ्याच्या मते त्या नेत्यानेही पायरीपायरीने, सर्वांना विचारत गेले पाहिजे, ही.

ऑगस्टमध्ये संसदेने तिसराच तोडगा काढला. सौराष्ट्र, कच्छ, गुजरात, मुंबई, महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ असे सगळे मिळून एक विशाल द्वैभाषिक राज्य! १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते अस्तित्वात आले आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. आपण नेहमी आपल्याच बाजूची कथा सांगतो, परंतु हे राज्य गुजरात्यांनाही नको होते. ऑगस्टातच अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर गोळीबार होऊन विद्यार्थी मारले गेले, आणि इंदुलाल याज्ञिकांच्या नेतृत्वाखाली महागुजरातची चळवळ उभी राहिली. ज्या दोघांचे लग्न लावले, त्या दोघांनीही मंडपात नकार दिला होता. अक्षता मात्र दिल्लीहून पडल्या.

आता १९५७ ची निवडणूक. माझ्या मते या सगळ्या कथेतला खरा गुंता येथे आहे. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, नाना पाटील अशा परस्परांशी न पटणाऱ्या माणसांची संयुक्त महाराष्ट्र समिती एका मागणीवर निवडणुकीत उतरली. पश्चिम महाराष्ट्रात तिने काँग्रेसचा धुव्वा उडवला. आमच्या पनवेलातून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील विधानसभेवर प्रथम गेले ते याच निवडणुकीत. खुद्द यशवंतराव कऱ्हाडला थोड्या मतांनी तरले. आणि तरीही, सगळ्या राज्याची बेरीज केली तेव्हा ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसच्या! गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याने तिला तारले. दिल्लीला म्हणता आले, की द्वैभाषिकाला जनतेने कौल दिला. समितीला म्हणता आले, की जनतेने तो नाकारला. दोघांकडेही आकडे होते, आणि दोघांचेही आकडे खरे होते.

हा गुंता कोणास पुस्तकी वाटेल, म्हणून घरातले उदाहरण देतो. आमच्या भागात एका गृहनिर्माण सोसायटीत तीन विंगा होत्या. मागच्या लहान विंगेला आपली सोसायटी वेगळी करायची होती. पाण्याच्या टाकीवरून आणि देखभालखर्चावरून खटके उडत. सर्वसाधारण सभेत प्रश्न आला की दोन मोठ्या विंगा हात वर करीत आणि ठराव फेटाळला जाई. अध्यक्ष म्हणत, 'बहुमत झाले, विषय संपला.' मागच्या विंगेतले एक निवृत्त गृहस्थ दरवेळी उठून एकच वाक्य बोलत: 'साहेब, आम्हाला जायचे आहे की नाही, हे तुम्ही हात वर करून कसे ठरवता?' सभेत हशा होई. मी त्या सभेला पाहुणा म्हणून बसलो होतो आणि मीही हसलो होतो. घरी येताना वाटले, की १९५७ साली आपण पोटतिडकीने विचारत होतो तो हाच प्रश्न. मात्र त्याची दुसरी बाजूही खरी आहे. टाकी सर्वांच्या पैशांची, जिना सामाईक, जमीन एकाच कागदावर. निघून जाणाऱ्याने 'हा माझा प्रश्न, तुम्हाला काय त्याचे' असेही म्हणता येत नाही. जायचे की नाही हे जाणाऱ्याला विचारावे, आणि कसे जायचे हे दोघांनी बसून ठरवावे, असा काहीसा त्यातून मार्ग निघतो.

द्वैभाषिकाच्या बाबतीत शेवटी घडले ते जवळजवळ असेच. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली आणि ती शांततेने पार पाडली. काळे निशाण पंतप्रधानांनी डोळ्यांनी पाहिले. पोटनिवडणुका, स्थानिक निवडणुका यांतून तोच सूर येत राहिला. यशवंतरावांनी राज्य नेटाने चालवले, परंतु ते लोकांच्या मनात रुजत नाही, हे त्यांनीच पुढे दिल्लीच्या गळी उतरवले. १९५९ मध्ये, इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना, फेरविचार सुरू झाला; आणि १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली. पैशाचे देणेघेणे ठरले, नव्या गुजरातला राजधानीसाठी आणि तुटीसाठी मदत देण्याचे महाराष्ट्राने कबूल केले. सासरमाहेरच्या वाटण्या जशा कटकटीने पण एकदाच्या होतात, तशा त्या झाल्या. यात एक उणे राहिले. डांग गुजरातेत गेला, उंबरगाव तालुक्याचा बराच भाग गेला, पश्चिम खानदेशातली गावे गेली. तेथल्या आदिवासींना कोणत्या राज्यात जायचे, हे ना मुंबईने विचारले ना अहमदाबादने. स्वतःला विचारले नाही म्हणून रागावलेली माणसे दुसऱ्याला विचारायचे किती सहज विसरतात!

आता दुसरा सोळा जानेवारी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष महाराष्ट्रात विलीन होण्याच्या मागणीवर उभा होता, डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात. तीस जागांच्या सभेत बांदोडकरांच्या पक्षाला चौदा आणि मित्रांच्या दोन मिळून सोळा जागा आल्या, सिक्वेरांना बारा. ज्या काँग्रेसने गोवा सोडवला तिचा पार निकाल लागला. बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि महाराष्ट्रात आनंदीआनंद झाला. आता विधानसभेने ठराव करावा आणि संसदेने शिक्का मारावा, की झाले, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटले.

सिक्वेरा मात्र अडून बसले. त्यांचे म्हणणे असे, की निवडणुकीत माणूस शंभर कारणांनी मत देतो. कुळाला जमीन हवी असते, बहुजनाला भाटकाराचा जाच संपवायचा असतो, गावाला शाळा हवी असते. त्या मताचा अर्थ 'गोवा मिटवून टाका' असा कसा लावता? हा एक प्रश्न वेगळा काढा आणि थेट विचारा. वाचकांनी क्षणभर थांबून पाहावे: हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. द्वैभाषिकाला २३४ जागांचा कौल मिळाला असे दिल्ली म्हणे, तेव्हा आपणही म्हणत होतो, की सगळ्या बेरजेवरून आमच्या घराचा निकाल लावू नका. १९६३ साली बेरीज आपल्या बाजूची होती, म्हणून तोच युक्तिवाद आपल्याला कांगावा वाटला.

अखेर संसदेने १९६६ च्या डिसेंबरात जनमत कौलाचा कायदा केला. स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाने दुसऱ्या राज्यात विलीन व्हावे की नाही, यावर असा कायदा करून घेतलेला हा एकमेव कौल. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. ज्याच्या हातात सत्ता होती त्याने ती खाली ठेवून कौलाला सामोरे जाणे, ही गोष्ट लहान नव्हे. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयांना मत असावे, ही सिक्वेरांच्या बाजूची मागणी मान्य झाली नाही. विलीनीकरणाला फूल ही खूण होती, केंद्रशासित राहण्याला दोन पाने. महाराष्ट्रातून पुढारी गेले, साहित्यिक गेले. कोकणी ही भाषा नाहीच, ती मराठीची बोली आहे, असे त्यांतल्या काहींनी तेथल्या लोकांना सांगितले. एखाद्याच्या घरी पाहुणे जावे आणि त्याच्या आईच्या बोलण्याला नावे ठेवावीत, तशातला हा प्रकार. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत प्रभावी लेखणी चालली ती मडगावच्या 'राष्ट्रमत' या दैनिकातून. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. हे दैनिक मराठी होते! मराठी वाचणारा, मराठीत पूजा करणारा, मराठी नाटकात रमणारा माणूसही महाराष्ट्रात जायला नको म्हणू शकतो, हे आपल्या गावीही नव्हते.

शेकडा ऐंशीहून अधिक मतदारांनी मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजार एकवीस मतांनी गोवा वेगळा राहिला.

पुढे जे झाले ते मला कौलाहूनही मोठे वाटते. बांदोडकरांनी निकाल मानला. दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोमंतकीयांनी त्याच बांदोडकरांच्या पक्षाला सोळा जागा देऊन पुन्हा मुख्यमंत्री केले. सिक्वेरांना पुन्हा बारा. विलीनीकरण नको, पण बांदोडकर हवेत! सिक्वेरा सांगत होते ते त्या मतदाराने स्वतःच्या पराभवाने नव्हे, स्वतःच्या विवेकाने सिद्ध करून दाखवले: राज्य कोणी चालवावे हा एक प्रश्न, आणि राज्य असावे की नाही हा दुसरा. बांदोडकर १९७३ मध्ये निधन होईपर्यंत मुख्यमंत्री राहिले, आणि ज्या गोव्याचे अस्तित्व मिटावे असे त्यांना वाटत होते, त्या गोव्याची घडी त्यांनीच बसवली. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले.

असे कौल परदेशांतही झाले, आणि ते पाहिले म्हणजे गोव्याच्या मतदाराची किंमत अधिक कळते. कॅनडात १९९५ साली क्विबेक प्रांताने वेगळे व्हायचे की नाही यावर मत दिले. जेमतेम पन्नास-पंचावन्न हजार मतांनी देश वाचला. मग १९९८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रश्न स्वच्छ असेल आणि बहुमतही स्वच्छ असेल, तर उरलेल्या देशाने वाटाघाटीला बसले पाहिजे. पण कौल जिंकला म्हणून एकतर्फी निघून जाता येणार नाही. ब्रिटनने २०१६ साली युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने शेकडा ५१.९ मते दिली. सोडायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र आधी ठरलेच नव्हते. ते ठरवता ठरवता साडेतीन वर्षे गेली, दोन पंतप्रधान गेले. शिवाय स्कॉटलंडने शेकडा ६२ मतांनी राहायचे म्हटले होते, आणि तरी त्याला जावे लागले. मोजायचे कोणाला, हा १९५६ चा आपला प्रश्न विलायतेतही सुटलेला नाही.

आता आपल्या घराकडे परत येऊ, कारण परीक्षा तेथे आहे. बेळगावच्या सीमाभागाने वर्षानुवर्षे निवडणुकांतून आपले मन सांगितले. गाव हा घटक धरा आणि लोकेच्छा पाहा, ही महाराष्ट्राची मागणी मला आजही योग्य वाटते. परंतु १९६६ साली महाजन आयोग नेमला जावा म्हणून आग्रह धरला तो आपणच. त्यासाठी सेनापती बापटांनी उपोषण केले. १९६७ मध्ये अहवाल आपल्याविरुद्ध गेला, तेव्हा तो नाकारलाही आपणच. त्याला कारणे आहेत, ती सबळही आहेत. पण पंच मागताना निकालाच्या अटी आधी ठरवून घ्यायच्या असतात, हे शहाणपण आपण उशिरा शिकलो.

विदर्भाचे उदाहरण त्याहून अवघड. तो १९५३ च्या नागपूर कराराने आपल्यात आला. वेगळ्या राज्याची शिफारस आयोगाने केली होती. १९६२ साली बापूजी अणे याच मागणीसह नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले. पुढे १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे. विदर्भाने वेगळे व्हावे असे माझे मत नाही. माझ्या शेजारी अमरावतीचे कुटुंब राहते, वरच्या मजल्यावर चंद्रपूरचे. ते आपल्यापासून तुटावेत असे मला कसे वाटेल? परंतु हा विषय निघाला की 'निवडणुकांत लोकांनी उत्तर दिलेच आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा मला १९५७ ची दिल्ली आठवते. आपल्याला न पटलेले उत्तर आपण दुसऱ्याला कसे देतो? विदर्भ राहावा असे वाटत असेल तर तेथल्या शेतकऱ्याच्या पाण्याचा, अनुशेषाचा, नोकरीचा हिशेब चोख ठेवावा, आणि मग विचारायला भिऊ नये.

गेल्या वर्षी वर्गात गोव्याच्या कौलाचे आकडे फळ्यावर लिहीत होतो, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, 'सर, म्हणजे आपण हरलो?' तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटलो. त्याच्या मनात 'आपण' म्हणजे महाराष्ट्र होता, हे उघड आहे. आणि त्या अर्थाने आपण हरलो, हे त्याला सांगायला मला लाज वाटू नये. पण त्याच्याच आजोबांच्या पिढीने फ्लोरा फाउंटनवर जे मागितले होते ते एवढेच, की आमच्या घराचा निकाल आम्हाला विचारून लावा. ते मागणे अकरा वर्षांनी पणजी-मडगावात पुरे झाले, तेव्हा फळ आपल्याला मिळाले नाही इतकेच. यंदा सोळा जानेवारीला शाळा असेल तर मी त्या मुलाला जासई सांगेन, फ्लोरा फाउंटन सांगेन, आणि दोन पानांची गोष्टही सांगेन; घंटा व्हायच्या आत.